पोहोच

आमच्या दुकानात दिवाणजींच्या बैठकीमागच्या भिंतीवर एक तार टांगलेली आहे. वर आकडा, खाली लाकडाची चकती आणि मध्ये हातभर लांबीची अणकुचीदार सळी, एवढीच तिची रचना. माझ्या लहानपणी दुकानात आलेले प्रत्येक पत्र वाचून झाल्यावर या तारेत ओवले जाई. मात्र ओवण्यापूर्वी दिवाणजी त्याच्या डाव्या कोपऱ्यात तांबड्या पेन्सिलीने दोन ओळी लिहीत. पहिली ‘पोहोचले’ आणि पुढे तारीख. दुसरी ‘उत्तर दिले’ आणि पुढे तारीख. दुसरी तारीख पडल्याशिवाय पत्र तारेत जात नसे. ते गल्ल्याजवळ पितळी वजनाखाली दबून राही, आणि संध्याकाळी दुकान वाढवताना माझ्या वडिलांची, आप्पांची नजर आधी त्या वजनाकडे वळे.

सांगलीच्या मार्केट यार्डात हळदीची अडत चालवणाऱ्या घरातला मी तिसऱ्या पिढीचा माणूस. पोस्टकार्डे गेली, तारखात्याची तार 2013 साली बंद झाली, फॅक्सचा गुळगुळीत कागदही गेला, आणि आता नमुन्याची मागणी, भावाची विचारणा, कर्क्युमिनच्या तपासणीचे अहवाल, बिले असे सारे काही ईमेलने येते. भिंतीवरच्या तारेत आज फक्त मालमोटारींच्या बिल्ट्या असतात. हा बदल दुकानात मीच आणला आणि त्याचा मला बराच अभिमानही होता.

आप्पांना तो पटला नाही असे नव्हे, पण त्यांनी तो आपल्या पद्धतीने स्वीकारला. मी संगणकावरून पत्र पाठवले की ते लगेच फोन उचलत आणि समोरच्या व्यापाऱ्याला सांगत, ‘‘मेल टाकलाय. बघा आणि पोहोच कळवा.’’ मला त्याची लाज वाटे. ज्या पत्राला पोहोचायला दोन सेकंद लागतात त्याच्यामागे फोन करणे म्हणजे पोस्टमनच्या मागोमाग आपणही सायकल हाणत जाण्यासारखे आहे, असे मी त्यांना एकदा सुनावलेही होते. आप्पा हसले आणि त्यांनी पुढचा फोन लावला. ‘पोहोच’ हा त्यांच्या पत्रव्यवहारातला शेवटचा शब्द असे. ‘कळावे’च्या आधी ‘पोहोच द्यावी’ हे आलेच पाहिजे. पत्र टाकणे हे अर्धे काम आणि पोहोच मिळणे हे उरलेले अर्धे, अशी त्या पिढीची वाटणी होती. माझ्या हिशेबात हे दुसरे अर्धे यंत्राने स्वतःकडे घेतलेले होते.

यंत्राने ते घेतले आहे, हे खरेच आहे. मात्र कशा रीतीने, ते मला फार उशिरा कळले. एका सर्व्हरकडून दुसऱ्या सर्व्हरकडे पत्र गेले की घेणारा सर्व्हर ‘250’ असा आकडा उत्तरादाखल देतो. या आकड्याचा अर्थ, पत्र मिळाले, यापुढची जबाबदारी माझी. पाठवणाऱ्याच्या बाजूने व्यवहार तिथेच मिटतो. पत्ता चुकीचा असेल, तर पाचाने सुरू होणारा एखादा आकडा येतो आणि पत्र परतल्याची सूचना आपल्याला मिळते, जसे पूर्वी पाकिटावर शेरा मारून टपाल परत येई. परंतु पत्र स्वीकारून, 250 सांगून, मग ते नकोशा पत्रांच्या, म्हणजे स्पॅमच्या कप्प्यात टाकले गेले, तर त्याची सूचना कोणालाच मिळत नाही. पाठवणाऱ्याला वाटते की पत्र पोहोचले, घेणाऱ्याला वाटते की पत्र आलेच नाही, आणि दोघांचेही म्हणणे आपापल्या जागी बरोबर असते.

असे गुपचूप का करतात, याचे कारण ऐकले तेव्हा माझा राग थोडा निवळला. ईमेलची देवाणघेवाण ज्या नियमांनी चालते ते नियम 1982 साली लिहिले गेले, आणि त्या वेळी जाळ्यावरची माणसे इतकी थोडी आणि एकमेकांच्या इतकी माहितीतली होती की पाठवणाऱ्याने लिहिलेले नाव त्याचेच आहे की नाही, हे तपासण्याची सोय नियमांत ठेवलेली नव्हती. म्हणजे पाकिटाच्या मागे कोणीही कोणाचेही नाव लिहावे. ठगांनी ही पळवाट सोडली असती तरच नवल. त्यामुळे प्रत्येक संशयित पत्राबद्दल ‘तुमचे पत्र आम्ही अडवले’ असे पाठवणाऱ्याला कळवायचे ठरवले, तर ती सूचना ज्याचे नाव चोरले गेले त्या निरपराध माणसाच्या दारात जाऊन पडेल. आणि खऱ्या ठगाला कळवले, तर तो शहाणा होऊन पुढच्या वेळी नेमका तेवढाच दोष काढून टाकील. तेव्हा मौन हा स्पॅम गाळणाऱ्या चाळणीचा निष्काळजीपणा नाही, तो तिचा विचारपूर्वक घेतलेला निर्णय आहे. त्याचा भुर्दंड मात्र भलत्यालाच पडतो.

नको असलेल्या पत्रांची गोष्ट तशी या नियमांहूनही जुनी आहे. 3 मे 1978 रोजी गॅरी थर्क नावाच्या एका विक्री अधिकाऱ्याने अमेरिकेतल्या तेव्हाच्या अर्पानेट या जाळ्यावरच्या सुमारे चारशे पत्त्यांवर आपल्या कंपनीच्या संगणकांची जाहिरात एकदम पाठवली. लोक चिडले, पण वाट सापडली होती. पुढे इंटरनेट घरोघरी गेल्यावर अशा पत्रांचे पेव फुटले. (हा वाक्प्रचार आम्हा सांगलीकरांना जरा जपून वापरावा लागतो, कारण जवळच्या हरिपुरात हळद साठवण्याची पेवे, म्हणजे खोल खड्डे, खरोखरच जमिनीत आहेत आणि 2005 च्या महापुरात त्यांत पाणी शिरले, तेव्हा काय झाले हे यार्डातले लोक अजून सांगतात.)

चाळणीच्या पहिल्या पिढ्या शब्द पाहून पत्र अडवत. ब्रिटनमधल्या स्कनथॉर्प या गावच्या लोकांना 1996 साली एका मोठ्या इंटरनेट सेवेत खाते उघडता येईना, कारण त्या गावाच्या इंग्रजी नावाच्या पोटात एक शिवी लपलेली आहे. ‘स्पेशालिस्ट’ या शब्दाच्या इंग्रजी अक्षरांतही एका बदनाम औषधाचे नाव सलग सापडते. निम्म्या पाट्यांवर हा शब्द मिरवणाऱ्या मिरजेच्या डॉक्टरांनी या चाळणीपुढे काय केले असते कोण जाणे. मग गुण देण्याची पद्धत आली. प्रत्येक खटकणाऱ्या गोष्टीला काही गुण, आणि बेरीज पाचावर गेली की पत्र स्पॅम. स्पॅमअ‍ॅसॅसिन ही चाळणी असेच मोजमाप करी. तिच्यात एक नियम असा होता की पत्रावर फार पुढच्या काळातली तारीख असेल तर ते संशयास्पद समजावे, आणि ‘फार पुढचा काळ’ म्हणजे 2010 पासून पुढे, असे तो लिहिणाऱ्याने ठरवले होते. 1 जानेवारी 2010 उजाडला आणि जगातले प्रत्येक खरे पत्र केवळ खरी तारीख घातल्याबद्दल साधारण तीन गुणांनी दोषी ठरू लागले. हा किस्सा मला फार आवडतो. चूक दुष्टपणाची नव्हती; तो दिवस आपल्या हयातीत येईल हेच कोणाच्या मनात आले नव्हते.

आजच्या चाळण्या शिकतात. अठराव्या शतकातल्या थॉमस बेज या इंग्रज धर्मोपदेशकाने मांडलेल्या संभाव्यतेच्या सूत्राचा आधार घेऊन, कोणता शब्द वाईट पत्रांत किती वेळा आला आणि चांगल्या पत्रांत किती वेळा, याचा हिशेब त्या ठेवतात. पॉल ग्रॅहम या संगणकतज्ज्ञाने 2002 साली या पद्धतीचा जोरदार पुरस्कार केला, तेव्हाच त्याने हेही बजावले होते की एखादे वाईट पत्र सुटणे ही किरकोळ गैरसोय आहे, पण चांगले पत्र अडकणे ही त्याहून कितीतरी गंभीर चूक आहे. हळद निवडणाऱ्या बायकांना हे सांगावे लागत नाही. हळकुंडांत एखादा सोरा गड्डा राहिला तर खरीददार तो उचलून बाजूला टाकतो आणि चार शब्द सुनावतो. पण चांगले हळकुंड सोऱ्यात गेले तर ते कोणाच्याच दृष्टीस पडत नाही, आणि जे दृष्टीस पडत नाही त्याची तक्रार कोण करणार?

आमच्या धंद्याची आणखी एक अडचण आहे. ‘तातडीचे’, ‘सोबत बिल जोडले आहे’, ‘रक्कम आजच जमा करावी’, ‘नमुना पाठवत आहोत’ ही वाक्ये आम्ही रोज लिहितो, आणि जगभरचे ठगही रोज हीच लिहितात. शब्दांचा हिशेब ठेवणाऱ्या यंत्राला आमच्यात आणि त्यांच्यात फरक दिसावा कसा?

नुकसानीची गोष्ट थोडक्यात सांगतो, कारण ती आता भरून निघाली आहे. ऐन सौद्यांच्या दिवसांत केरळातल्या एका मसाला उत्पादकाला राजापुरी हळदीचे भाव आणि नमुन्यांचे अहवाल मी ईमेलने पाठवले. उत्तर आले नाही. पुन्हा पाठवले, तरी नाही. अकरा दिवसांनी त्यांची खरेदी दुसरीकडे झाल्याचे यार्डातच कानावर आले, तेव्हा मी संतापून फोन केला, आणि पलीकडचे गृहस्थ तितक्याच संतापाने म्हणाले की तुमच्याकडून एक ओळही आली नाही, आम्ही किती वाट पाहायची? आमची सगळी पत्रे त्यांच्या स्पॅममध्ये ओळीने बसलेली निघाली. झाले होते असे की आमची वेबसाइट सांभाळणाऱ्याने महिन्यापूर्वी सर्व्हर बदलला होता, पण आमच्या नावाने टपाल टाकण्याचा अधिकार कोणत्या सर्व्हरला आहे याची जी जाहीर नोंद ठेवावी लागते, ती बदलायला तो विसरला होता. या नोंदीला एसपीएफ म्हणतात. तिच्या जोडीला डीकेआयएम नावाची सही असते, जी पाकिटावरच्या लाखेच्या मोहोरेसारखी वाटेत कोणी हात घातला की तुटते. आणि या दोन्ही परीक्षांत पत्र नापास झाले तर त्याचे काय करावे, हे मालकाने आधीच सांगून ठेवण्याची सोय म्हणजे डीमार्क. मोठ्या संख्येने, गूगलच्या हिशेबात रोज पाच हजारांवर, पत्रे पाठवणाऱ्यांना गूगल आणि याहू यांनी फेब्रुवारी 2024 पासून या तिन्ही गोष्टी सक्तीच्या केल्या. आम्ही दिवसाला पंधरा पत्रे पाठवणारे; पण यार्डाच्या दारात पहारा बसला की मोठ्या मालमोटारीबरोबर हातगाडीवाल्यालाही थांबावेच लागते.

ही सारी व्यवस्था मी नंतर करून घेतली, आणि छोटी पेढी चालवणाऱ्या कोणालाही ती करून घ्या असेच मी सांगेन. पण त्याच वर्षी एक गंमत घडली. ओळखीच्या एका पार्टीचे पत्र आले की आमचे बँक खाते बदलले आहे, पुढची रक्कम या नव्या खात्यात भरावी. पत्र थेट इनबॉक्समध्ये, वरच्या बाजूला. नोंद बरोबर, सही बरोबर. पार्टीच्या ईमेल पत्त्यातल्या नावात एकच अक्षर इकडचे तिकडे करून ठगाने नवे नाव विकत घेतले होते आणि त्या नावाची सगळी कागदपत्रे अगदी चोख ठेवली होती. आप्पांच्या सवयीने मी फोन केला म्हणून पैसे वाचले. या परीक्षा पत्र कोणाच्या घरून निघाले एवढेच विचारतात. त्या घरात कोण राहतो, हे विचारत नाहीत. आणि माझा अनुभव असा की आपली कागदपत्रे व्यवस्थित ठेवण्याची कळकळ साध्या माणसापेक्षा ठगालाच जास्त असते.

हे सर्व पैशाचे झाले. पैशाची चूक उघडकीला येते, कारण वहीत कुठेतरी जमाखर्च जुळत नाही. ज्या चुकीची वहीच नसते तिच्याबद्दल मला खरे म्हणजे लिहायचे होते.

दोन वर्षांपूर्वी मार्च महिन्यात आप्पा गेले. सौदे जोरात होते. दहाव्याच्या दिवशीसुद्धा यार्डातले लोक हळदीने पिवळे झालेले हात धुऊन तसेच घाटावर आले होते. फोन आले, पत्रे आली, माणसे आली. आला नाही तो माझ्या आतेभावाचा एक शब्द. दादा कॅनडात एका लहानशा संशोधन संस्थेत असतो. वडील लवकर गेल्यामुळे त्याचे सगळे शिक्षण आमच्या घरी राहून झाले, विलिंग्डन महाविद्यालयाची फी आप्पांनी भरली, आणि परदेशी जाताना त्याने याच दुकानात आप्पांच्या पायांवर डोके ठेवले होते. अशा माणसाने मामा गेल्यावर दोन ओळी लिहू नयेत? आतेला मी काही बोललो नाही. तीही गप्प राहिली, कारण तिला वाटत होते की त्याने लिहिले आणि मी उत्तर दिले नाही. घरात कोणी त्याचे नाव काढले की मी उठून आत जात असे. दोन वर्षे मी हा राग नीट जपून ठेवला, आणि कबूल केले पाहिजे की त्याला खतपाणीही घातले: मोठा झाला, परदेशी गेला, विसरला, अशी एक संपूर्ण कथा मी रचली, आणि ती सांगितली तर ऐकणाऱ्या कोणालाही पटली असती.

गेल्या दिवाळीत दादा आला. दुकानात बसला, चहा घेतला, भडंगाला हात लावला नाही. मग खाली बघत म्हणाला, ‘‘तू रागावलायस हे मला समजत होतं. मला यायला जमलं नाही, ते चुकलंच. पण पत्राला उत्तरसुद्धा देऊ नयेस?’’

मी म्हणालो, ‘‘कुठलं पत्र?’’

त्याने मोबाइल काढला आणि पाठवलेल्या पत्रांतून ते पत्र समोर धरले. आप्पा गेल्याच्या चौथ्या दिवशी, पहाटे कधीतरी लिहिलेले. विषयाच्या जागी फक्त ‘मामा’ हा एक शब्द. पत्ता दुकानाचा, पण जुना. इंटरनेटवर दुकानाचे स्वतःचे नाव घेण्यापूर्वी आम्ही जो वापरत होतो तो. त्या पत्त्यावरचे टपाल आपोआप नव्या पत्त्यावर यावे अशी व्यवस्था मी स्वतःच करून ठेवली होती आणि ती करून ठेवल्याचे विसरूनही गेलो होतो. आता उलगडा झाला. एका पत्त्यावरून दुसरीकडे वळवलेले पत्र शेवटच्या दारात येते ते मधल्या सर्व्हरच्या हातून, आणि दादाच्या संस्थेने आपल्या नोंदीत त्या मधल्याचे नाव देण्याचा प्रश्नच नव्हता. त्यामुळे पहिल्या परीक्षेत ते नापास. त्या लहान संस्थेच्या पत्रांवर सहीही नव्हती. म्हणजे दुसऱ्या परीक्षेतही नापास. त्यातून आमच्या जुन्या पत्त्यावर वर्षानुवर्षे कचरा येत होता आणि तोही इमानेइतबारे पुढे ढकलला जात होता, म्हणून ती वाटच बदनाम झालेली. एका शब्दाचा विषय, सोबत एक जड छायाचित्र, अनोळखी वाटेने आलेले पत्र. कोणत्याही पहारेकऱ्याने ते अडवले असते. मीही अडवले असते. पत्र आमच्या स्पॅममध्ये पडले, तिथे तीस दिवस राहिले आणि नियमाप्रमाणे आपोआप पुसले गेले. त्या तीस दिवसांत मी तो कप्पा एकदाही उघडला नाही. पत्रांत ‘दादा’ शोधले होते, एका रात्री. पण नेहमीच्या शोधात स्पॅमचा कप्पा धरलेला नसतो, हे मला ठाऊक नव्हते.

त्याच्या मोबाइलवरच मी ते पत्र वाचले. सांत्वनाचे एकही वाक्य त्यात नव्हते. दादाने एकच आठवण लिहिली होती: तो सातवीत असताना आप्पा त्याला हरिपूरला एक पेव उघडायला घेऊन गेले होते. तोंडावरची माती काढून झाल्यावर सगळे बराच वेळ नुसते बसून राहिले. मग आप्पांनी दोरीला कंदील बांधून हळूहळू आत सोडला आणि ज्योतीकडे बघत राहिले. ती तेवत राहिली तेव्हा कुठे हमालाला उतरू दिले. दादाने विचारले की विझली असती तर? आप्पा म्हणाले, ‘‘मग अजून बसायचं.’’ छायाचित्र त्याच दिवसाचे होते. आप्पा पाठमोरे आहेत आणि दोरी त्यांच्या हातात आहे. असे छायाचित्र आमच्याकडे दुसरे नाही.

आम्ही दोघे काही वेळ बोललो नाही. मग गिऱ्हाईक आले.

आता रोज सकाळी यार्डात सौदा सुरू होण्याआधी मी स्पॅमचा कप्पा उघडतो. बहुतेक घाणच असते: न भरलेल्या लॉटरीचे बक्षीस, न मागवलेले पार्सल. पण महिन्यातून दोन-तीन पत्रे खरी निघतात. ती ‘स्पॅम नाही’ म्हणून बाहेर काढायची, पाठवणाऱ्याचे नाव संपर्कात घालायचे, आणि त्याला फोन करून सांगायचे की तुमची पत्रे अडकतात, तुमच्या माणसाला नोंदी तपासायला सांगा. यात माझा पाव तास जातो. दिवाणजींना ऐंशी वर्षे झाली, डोळ्यांनी कमी दिसते, तरी सणावारी दुकानात येतात. परवा मला फोनवर बोलताना त्यांनी ऐकले, ‘‘मेल टाकलाय. बघा आणि पोहोच कळवा.’’ ते काहीच म्हणाले नाहीत.

दादाचे पत्र मी छापून घेतले, छायाचित्रासकट. गल्ल्याच्या खणात तांबडी पेन्सिल अजून आहे. डाव्या कोपऱ्यात ‘पोहोचले’ असे लिहून पुढे दिवाळीच्या पाडव्याची तारीख घातली. ‘उत्तर दिले’ असेही लिहिले, पण त्यापुढे काय घालावे ते ठरेना. ती जागा मोकळी राहिली. कागद अजून पितळी वजनाखाली आहे.